‘युनिव्हर्सने साइन दिली’ : शकुन, कौल की दृष्टांत?

मुद्रितशोधक : नोकरी सोडावी का, आलेलं स्थळ स्वीकारावं का, अशा वेळी ‘युनिव्हर्स मला साइन देतंय’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. भाषांतरात त्याचं ‘ब्रह्मांड मला संकेत देत आहे’ होतं. शकुन, कौल, दृष्टांत हे शब्द हाताशी असताना ‘संकेत’च का? आणि यांतला कोणता कुठे बसतो?

आडवाट : ‘संकेत’ इथे अवघडतो, कारण त्याचा मूळ अर्थ ‘दोघांनी आधी ठरवलेली गोष्ट’. संकेतस्थळ म्हणजे पूर्वी प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा. साहित्यातले संकेतही लेखक-वाचकांनी मानून घेतलेले असतात. ब्रह्मांडाशी असं काही ठरलेलं नसतं. शिवाय मराठीत ‘ब्रह्मांड आठवलं’ म्हणजे जीव मेटाकुटीला आला, त्यामुळे वाक्य भलतीकडेच जातं.

घड्याळात सारखे ११:११ दिसणं, निघताना भारद्वाज दिसणं, हा शकुन. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षीच. ‘शकुंतला’मधला ‘शकुंत’ही पक्षी. पाखरावरून अंदाज बांधायचा म्हणून पुढे खुणेलाच शकुन म्हणू लागले. तो न मागता होतो. म्हणून ‘शकुन झाला’ म्हणावं. ‘शकुन दिला’ कानाला खटकतं, कारण देणारा कोणी नसतो.

तळकोकण : मागून घेतलेल्या खुणेला आमच्याकडे स्वतंत्र शब्द आहे : कौल. कोकणात नि गोव्यात देवाला कौल लावतात. गोव्यात त्याला प्रसाद किंवा पाकळीही म्हणतात. क्रियापदं नीट पाहा. माणूस कौल मागतो, गुरव किंवा पुजारी लावतो, देव देतो. ‘मी कौल लावला’ असं घरचा माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘लावून घेतला’ असतो.

रीत साधारण अशी. आधी गाऱ्हाणं : कोण आलंय, कुठल्या घरचं, काय अडलंय. प्रत्येक टप्प्याला जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग फुलाच्या पाकळ्या किंवा पानाचे तुकडे पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात. काही ठिकाणी तांदळाचे दाणे लावतात. काम व्हायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे, हे मोठ्याने बोललं जातं आणि मग थांबायचं. पाणी सुकत जातं तशी कडा सुटते, पाकळी कलते आणि टपकन पडते. उजवी पडली तर ‘उजवा कौल’. डावा म्हणजे नकार, किंवा ‘आत्ता नको’.

चुकतं कुठे? एकाच गाऱ्हाण्यात दोन प्रश्न घातले तर. ‘घर बांधू का आणि याच वर्षी बांधू का’ याला एका पाकळीने उत्तर मिळत नाही. दोन गाऱ्हाणी, दोन कौल. पाकळी कोरडी लावली तर लगेच सुटते, फार ओली असली तर घसरते. अशा पडण्याला कौल धरत नाहीत. बराच वेळ काहीच पडलं नाही तर पुन्हा गाऱ्हाणं घालून प्रश्न बदलतात. आणि डावा आला म्हणून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा लावणं जाणती माणसं मान्य करत नाहीत. मग तो कौल राहत नाही, हट्ट होतो.

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. कौलानेच दिवस ठरतो. यावरून या शब्दाचं वजन कळावं.

मोडीवाचक : त्या वजनाचं मूळ अरबीत आहे. ‘क़ौल’ म्हणजे बोललेला शब्द, त्यावरून वचन; कव्वालीही त्याच धातूची. जुन्या सरकारी दफ्तरात ‘कौलनामा’ म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं अभयाचं नि सवलतीचं लेखी वचन. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला चढत्या साऱ्याने दिलेला तो इस्तावा कौल. ‘कौलकरार’ जोडशब्दातही तेच. देवाचा कौल म्हणजे देवाने दिलेला शब्द, म्हणून तो मोडत नाहीत.

घराचं कौल वेगळं : ते कौल, ती कौलं, कवलारू घर. देवाचा तो कौल पुल्लिंगी, अनेकवचनातही कौलच. ‘देवाची कौलं’ लिहिलंत तर वाचणारा छपराकडे बघेल.

निवडणुकीतला ‘जनतेचा कौल’ याच घराण्यातला. गोव्यात 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं, अशी चिन्हं होती. फूल आणि पान, पाकळी लावणाऱ्या मुलखात! कौल दोन पानांना मिळाला.

मुद्रितशोधक : आणि दृष्टांत?

आडवाट : तो मुळात ‘समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण’. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांच्या छोट्या कथा आहेत त्या याच अर्थाने. बोलीत मात्र देवाने स्वप्नात येऊन सांगणं म्हणजे दृष्टांत. दिसणारा नि बोलणारा हवा. ११:११ ला दृष्टांत म्हणू नये. ‘प्रचीती’ निर्णयानंतरची. नुसतं जुळून आलं तर ‘योग आला’ पुरे, त्यात देणारा-घेणारा कोणी नसतो.

तळकोकण : भाषांतरासाठी एक कसोटी : अट आधी की खूण आधी? ‘संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन आला तर होकार देईन’ असं आधी ठरवलं असेल तर तो कौल. फोन आला आणि मग त्याचा अर्थ लावला, तर शकुन.

मुद्रितशोधक : मग ‘नोकरीबद्दल युनिव्हर्सकडे साइन मागितली’ याचं ‘नोकरीसाठी कौल मागितला’?

तळकोकण : हो. पण कोणाकडे, ते लिहा. कौल देणाऱ्याशिवाय नसतो. आणि देणारा सांगता येत नसेल, तर ‘काहीतरी खूण पटावी असं वाटत होतं’ हे जास्त खरं मराठी आहे.