जमिनीखालची यूएसई केबल तळघरातून पॅनेलपर्यंत उघडी नेता येते का?

खटपट्या:
घर अमेरिकेत आहे, काम एनईसीप्रमाणे (तिथला राष्ट्रीय वीज कोड) तपासलं जाणार. मुख्य पॅनेलपासून सुट्या गराजपर्यंत फीडर (तिथल्या पॅनेलला वीज नेणारी मुख्य लाइन) टाकायचाय. २-२-२-४ ची अॅल्युमिनियम क्वाड्रुप्लेक्स हाताशी आहे. म्हणजे चार तारा (तीन २ नंबरच्या, एक ४ नंबरची) एकमेकींना पिळलेल्या, वरून जॅकेट नाही. चर खणून थेट पुरणार. अडचण घराच्या बाजूला आहे: भिंतीतून आत आल्यावर तळघराच्या छताखालून पॅनेलपर्यंत २५ फूट जायचंय. लाकडी जॉइस्टना (छताच्या आडव्या तुळयांना) क्लिपा मारून तशीच नेली तर चालेल का? बाहेरची केबल आत ५० फुटांपर्यंत चालते, असं ऐकलंय. ब्रेकर १०० अँपचा धरलाय.

फेज-न्यूट्रल:
नाही चालणार. एनईसीच्या ३३८.१२(बी) मध्ये यूएसई (जमिनीत पुरायची केबल) कुठे वापरायची नाही याची यादी आहे आणि त्यात पहिलंच नाव इमारतीच्या आतल्या वायरिंगचं आहे. जमिनीतून वर आलेली यूएसई बाहेरच एखाद्या पेटीत संपवायची असेल तर तेवढी सूट आहे.

कारण आगीचं आहे. यूएसईचं आवरण ओलाव्याला टिकलं पाहिजे, ते आगरोधक असलंच पाहिजे अशी अट नाही. मातीत पुरलेल्या तारेला आग लागून लागून किती लागणार? तीच तार जॉइस्टना टांगली तर ज्योत आवरणावरून पुढे सरकत जाते.

५० फुटांचा नियम खरा आहे, पण तो टेलिफोन-इंटरनेटच्या बाहेरच्या केबलचा. पॉवरच्या तारांशी त्याचा काही संबंध नाही. ही गल्लत इतक्यांदा दिसते की आता आश्चर्यही वाटत नाही.

तुमच्या तारेवर नेमका काय छाप आहे? पुढचं सगळं त्यावर ठरेल.

खटपट्या:
तीन जाड तारांवर फक्त ‘टाइप यूएसई-२’ आणि ६०० व्होल्ट दिसतंय. चौथीवरचं वाचता येत नाही. कंड्युइटमध्ये घातली तर?

चर-कंड्युइट:
चौथीवर खडू घासा, उठावाची अक्षरं वर येतील. चारही तारांवर यूएसई-२ च्या जोडीला ‘आरएचएच / आरएचडब्ल्यू-२’ या आत चालणाऱ्या तारांच्या प्रकारांचाही छाप हवा (घाईत ही अक्षरं उलटसुलट वाचली जातात, नीट बघा). हा तिहेरी छाप असेल तर त्याच तारा आत नेता येतात, कारण आरएचएच आणि आरएचडब्ल्यू-२ ला ज्योतीची चाचणी पार करावी लागते. पण तेव्हाही कंड्युइटमधूनच, कारण सुट्या तारा उघड्यावर क्लिपांनी मारता येत नाहीत. नुसता यूएसई-२ छाप असेल तर कंड्युइट घालूनही ती आत चालत नाही. पाइपात घातल्याने तारेची जात बदलत नाही.

तुमच्याकडची नुसती यूएसई-२ दिसतेय. मग दोन वाटा आहेत.

एक, बाहेरच्या भिंतीवर पावसापाण्यात चालणारी, ३आर दर्जाची जंक्शन पेटी बसवा. त्यात अॅल्युमिनियमसाठी मान्य असलेल्या इन्सुलेटेड कनेक्टरनी जोड द्या आणि तिथून आत २-२-२-४ ची एसईआर केबल न्या. एसईआरला जॅकेट असतं, ती आत उघडी चालते. आधार दर साडेचार फुटांवर आणि पेटी-पॅनेलपासून १२ इंचांच्या आत. ही केबल जाड असल्याने तळघराचं छत उघडं असेल तर जॉइस्टच्या खालच्या कडेला थेट मारता येते. जॉइस्टमधून ओवायची असेल तर भोक कडेपासून सव्वा इंच आत हवं, नाहीतर पोलादी पट्टी लावा. पेटी कायम उघडता येईल अशी ठेवा, साइडिंगखाली गाडू नका.

दुसरी वाट, ही केबल बाजूला ठेवून संपूर्ण अंतर पीव्हीसी पाइपातून एक्सएचएचडब्ल्यू-२ च्या (ओल्या-कोरड्या दोन्ही जागी चालणाऱ्या) सुट्या तारा ओढणं. मध्ये जोड नाही, चरही २४ ऐवजी १८ इंचांचा पुरतो. दगडाळ जमीन असेल तर मी हीच वाट धरेन. मात्र दोन ओढण्याच्या जागांमध्ये सगळ्या वळणांची बेरीज ३६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आणि एसईआर चुकूनही चरात घालू नका. ती जमिनीखाली चालत नाही, पाइपातही नाही. पुरलेल्या पाइपाची आतली बाजू कोडच्या दृष्टीने ओलीच, म्हणून रोमेक्सलाही (घरातल्या वायरिंगची नेहमीची केबल) तिथे मनाई आहे.

फेज-न्यूट्रल:
ब्रेकरचं राहिलंच. २ नंबरच्या अॅल्युमिनियमला कोडच्या तक्त्यात ७५ अंश तापमानाच्या रकान्यात ९० अँप मिळतात आणि ९० चा ब्रेकर तयार मिळतो, तोच बसवा. २ नंबरवर १०० अँप लावतात ती सवलत अख्ख्या घराचा भार वाहणाऱ्या फीडरची आहे, गराजची नाही. खरोखर १०० हवे असतील तर १ नंबर घ्या. अर्थसाठी ४ नंबर अॅल्युमिनियम दोन्ही ब्रेकरना पुरतं.

गराजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, न्यूट्रलला पॅनेलच्या पेटीशी जोडणारा हिरवा बाँडिंग स्क्रू काढून टाका. तो राहिला तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतूनही वाहतो. गराजला स्वतःचे अर्थ रॉडही लागतात.

विनाकारण:
यूएफ केबल (पुरता येणारी आणखी एक जात) आत चालते ना? मग इथे का नाही?

फेज-न्यूट्रल:
चालते, तिचं कलम वेगळं, ३४०. पण तिला ६० अंशांचाच रकाना लागतो, त्यामुळे ९० अँपसाठी तार बरीच जाड घ्यावी लागेल. चरापलीकडे एखादा दिवा-प्लग असेल तर यूएफसारखं सोपं काही नाही.

चर-कंड्युइट:
थेट पुरताना जिथे काम बिघडतं ती जागा म्हणजे केबल जमिनीतून वर येते तिथली. चराच्या तळापासून भिंतीपर्यंत शेड्यूल ८० (जाड भिंतीचा) पीव्हीसी पाइप लावा. जमिनीखाली १८ इंच आणि जमिनीवर ८ फुटांपर्यंत संरक्षण लागतं, पेटी त्याआधी असेल तर पेटीपर्यंत. या चार तारांना सव्वा इंची शेड्यूल ८० काठावर जातो, दीड इंची घ्या. खालच्या तोंडाला बुशिंग हवंच, नाहीतर पाइपाची कड आवरणात रुतते.

भरलेली माती नंतर बसते आणि केबलसकट पाइप खाली ओढते. पाइप भिंतीला घट्ट बांधलेला असेल तर ताण सगळा पेटीवर येतो, हब (पाइप पेटीला जोडणारा भाग) तडकतो. म्हणून उभ्या तुकड्यात सरकता एक्स्पान्शन जोड द्या आणि चराच्या तळाशी केबलला थोडी ढील ठेवा. केबलच्या खाली-वर चाळलेली माती किंवा वाळू, टोकदार दगड नको.

आत जाणारं तोंड डक्ट सीलने (पाइप बुजवायची पुट्टी) बंद करा. तळघरातली गरम हवा थंड पाइपात गेली की पाणी धरतं आणि पेटीतल्या जोडांवर ठिबकतं. आणि चर बुजवण्याआधी इन्स्पेक्टरला दाखवा. तुमच्या राज्यात एनईसीची कुठली आवृत्ती लागू आहे, तेही त्यालाच विचारा.