लाच ही दोघांमधली देवघेव नव्हे

"देणारा आणि घेणारा दोघेही राजी असतील, तर लोकशाहीचे काय बिघडते?" हा प्रश्न मला पटत नाही, कारण ज्याचे नुकसान होते तो तिसरा माणूस, म्हणजे मतदार, त्या व्यवहाराच्या वेळी हजरच नसतो.

१७ फेब्रुवारी १९९२ रोजी इटलीतील मिलान शहरातल्या एका वृद्धाश्रमाचे प्रमुख मारिओ किएझा यांना सफाईच्या कंत्राटदाराकडून ७० लाख लिरांची लाच घेतल्याबद्दल अटक झाली. समाजवादी पक्षाचे नेते बेत्तिनो क्राक्सी यांनी आपल्याच या माणसाला 'भामटा' म्हणून झटकून टाकले (हा बचाव कुठल्याही देशात ओळखीचा वाटावा), परंतु चौकशी पुढे सरकली तशी थेट पक्षांच्या तिजोरीपर्यंत गेलेली टक्केवारीची साखळी उघड झाली. चार दशकांहून अधिक काळ सत्तेत असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष १९९४ मध्ये विसर्जित झाला.

खरी मेख रकमेत नाही. कंत्राट कोणाला मिळणार हे आधीच ठरलेले असले की निविदा उघडण्याचा सोपस्कार, लेखापरीक्षण आणि सभागृहातील प्रश्न ही सारी केवळ कागदी कारवाई उरते. त्यातच विरोधकांनाही वाटा पोहोचत असेल, तर मत देऊन सरकार बदलले तरी मतदाराच्या हाती काहीच लागत नाही. इटलीत संतापलेल्या मतदारांनी मार्च १९९४ मध्ये सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या अवघ्या काही महिन्यांच्या पक्षाला कौल दिला. पुढे २०१३ मध्ये त्याच बेर्लुस्कोनींची करचुकवेगिरीची शिक्षा कायम झाली.