मताचा हक्क म्हणे न मागता मिळाला!

रानजाई (धागाकर्ती)
कालपासून तीन ग्रुपांवर एकच मेसेज आला, आणि आज नाना_कोथरूडकरांनी तो इथे स्वतःचा म्हणून चिकटवला. सार असा: विलायतेत बायकांनी मतासाठी तुरुंग भोगला, एकीने राजाच्या घोड्यापुढे जीव दिला. आपल्याकडे मागावंसुद्धा लागलं नाही, घटनेने ताटात वाढून दिलं. सबब इथला स्त्रीवाद हा आयात माल.

ताटात वाढून? डिसेंबर १९१७ मध्ये विलायतेचे भारतमंत्री माँटेग्यूसाहेब मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडूंबरोबर गेलेलं बायकांचं शिष्टमंडळ काय हळदीकुंकवाला गेलं होतं? पुढे मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने हा समाज सनातनी, पडद्यातल्या बायका मत द्यायला येणार कशा, म्हणून नन्नाचा पाढा वाचला. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन थेट लंडन गाठून संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. साहेबाने निर्णय प्रांतांवर ढकलला. मग १९२१ मध्ये मद्रासने आणि मुंबईने बायकांना मत दिलं. तेही आपोआप नाही. साठीला टेकलेल्या रमाबाई रानडे तेव्हा पुण्यात आधी मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि मग मतासाठी झटत होत्या.

आणि मालमत्ता वगैरेची अट पुरुषांना होती तीच. म्हणजे मुंबईतल्या पात्र बाईला बाविसाव्या वर्षी मत होतं, तेव्हा लंडनची बाई तिशीची वाट बघत होती. तिथे बरोबरी झाली १९२८ मध्ये. आता आयात कुठून कुठे, नाना?

नाना_कोथरूडकर
मेसेज माझाच आहे, फक्त आधी दुसऱ्याने लिहिला. असो. ताईंनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. हिराबाईंना हे वेड लागलं कुठून? १९११ मध्ये काश्मीरला सहलीला गेल्या असताना सोफिया दुलीपसिंग भेटल्या. त्यांच्या छातीवर 'स्त्रियांना मत द्या' असा बिल्ला होता. बिल्ला विलायतेचा, चळवळ विलायतेची. मग आयात नाही तर काय?

रानजाई
सोफिया ही महाराजा रणजितसिंगांची पणती की नात, तेवढं बघून या.

नाना_कोथरूडकर
नात. जन्म आणि मुक्काम विलायतेत. आयातच.

खडूस काकू
नाना, काँग्रेस ह्यूमसाहेबाने काढली आणि तुमच्या डीपीतलं क्रिकेटही तिकडचंच. ते कधी परत पाठवताय?

मोडी_लिपी
अवांतर, पण राहवत नाही. वर कुणी तरी (आता संपादित) मतासाठी लढणाऱ्या सगळ्यांनाच सफ्रेजेट म्हटलंय. विलायतेत मिलिसेंट फॉसेटबाईंच्या सनदशीर मार्गाच्या त्या सफ्रेजिस्ट. काचा फोडणाऱ्या, उपोषण करणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या त्या सफ्रेजेट. हा दुसरा शब्द तर वर्तमानपत्राने हिणवायला काढला होता, १९०६ मध्ये. निदान भांडताना तरी शब्द नीट वापरा.

निळी_शाई
दोघांनाही एक विचारतो. बिल्ला कुठलाही असो, माझ्या आजीला काय मिळालं? १९२१ चं मत मालमत्तावाल्यांना. १९३५ च्या कायद्यानंतरही देशभरात मतदार बायका ६० लाखांच्या आसपास. त्यात परभणीकडची भूमिहीन शेतमजूर बाई कुठे बसते? तिला मत मिळालं ते थेट पहिल्या निवडणुकीत, बाबासाहेबांच्या घटनेने. तुमच्या मोर्चातल्या बायकांच्या साड्यांची किंमत आमच्या सालाच्या धान्याएवढी होती.

रानजाई
साड्या मध्ये आणू नका. १९३१ मध्ये बायकांच्या मोठ्या संघटनांनी मिळून निवेदन दिलं, त्यात सरसकट सर्व प्रौढांना मत मागितलं होतं. पदवीची अट नाही, नवऱ्याच्या जमिनीची नाही. नाकारलं ते सरकारने.

निळी_शाई
निवेदनाचं मान्य. पण तोवर चौदा वर्षं गेली, हे तुम्ही मान्य करा.

रानजाई
करते. आनंद?

निळी_शाई
नाही. पण चालेल.

वऱ्हाडी_ठेचा
मतावरून आठवलं. पहिल्या निवडणुकीत जवळपास ८ कोटी बायकांपैकी २८ लाखांची नावं यादीतून गळली. कारण? यादी करणाऱ्याला त्यांनी नाव सांगितलं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, स्वतःचं नाव सांगाल तरच यादीत.

नाना_कोथरूडकर
ते बहुतेक बिहार, यूपी, राजस्थानकडचं. आपल्याकडे नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आपल्याकडे बाई नाव सांगते हो. पण कोणतं? ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं, की बारशाचं? माझ्या आजीला मतदारयादीत सुशीला केलेलं, रेशनकार्डावर चंद्रभागा, आणि सातबाऱ्यावर 'सखुबाई', ते कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. ती गेल्यावर वारसनोंदीला गेलो तर कारकून म्हणे, या तीन बायका, तिघींचे दाखले आणा. दीड वर्ष चकरा. शेवटी स्टँप पेपरवर लिहून दिलं, 'वरील तिन्ही व्यक्ती एकच आहेत.' जिवंतपणी कुणी तिला असं लिहून दिलं नव्हतं.

खडूस काकू
+१. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही यमुना. दोन यमुना सासरी जाऊन आटल्या.

मोडी_लिपी
लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनू.

नाना_कोथरूडकर
धागा मताचा होता, नावाचा नव्हे. आणि तांदळाचा विधी हौसेचा असतो. आमच्या हिने स्वखुशीने नाव बदललं. सगळ्यात अन्याय शोधायची सवयच लागलीय काहींना.

वऱ्हाडी_ठेचा
स्वखुशीने म्हणजे कसं? तुम्हीही तांदळात स्वतःचं नवीन नाव लिहिलंत का?

नाना_कोथरूडकर
घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नका. जीभ सांभाळा.

वऱ्हाडी_ठेचा
आणल्या तुम्हीच. मी नुसतं विचारलं.

मोडी_लिपी
महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचंही नाव आलंय. अर्थात कुठलं नाव, हा प्रश्न उरतोच.

निळी_शाई
मूळ मुद्द्यावर कुणी येणार आहे का?

खडूस काकू
हाच मूळ मुद्दा आहे बाळा. यादीत नाव नसेल तर मत कसलं डोंबलाचं.

नाना_कोथरूडकर
बरं. 'मागावंसुद्धा लागलं नाही' हे वाक्य मागे घेतो. 'आयात' मागे घेत नाही. नावाबद्दल इतकंच, की हिने आत्ता हा धागा वाचला आणि न बोलता पासपोर्टची फाईल माझ्यापुढे आणून ठेवली. गेल्या वर्षी नावातल्या फरकापायी चार महिने अडकला होता.

खडूस काकू
वहिनींचं आधीचं नाव काय हो?

नाना_कोथरूडकर
ते इथे टाकायचं नाही म्हणते. वाटलं तर स्वतः खातं उघडून टाकीन म्हणते.