झांबियात आपण खाण घेतली का? आणि आफ्रिकेवरून एवढी खेचाखेची कशाला?

घणसोली_वाला:
सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये दोन काका भांडत होते, एक म्हणे भारताने झांबियात कोबाल्टची (बॅटरीत लागणारा धातू) खाण घेतली, दुसरे म्हणे चीनने सगळं आधीच उचललंय, मग कोपरखैरणे आलं आणि दोघं उतरले. खरं काय?

दर्यावर्दी_सीवूड्स:
पहिले काका घाईत आहेत. झांबियाने 9,000 चौ. किमी दिलंय ते तांबं-कोबाल्ट शोधायला, आपले जिऑलॉजिकल सर्व्हेवाले तिथे शोध घेणार. खाण अजून लांब आहे. दुसरे काका बरेचसे बरोबर. जगातलं 70 टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोतून निघतं आणि रिफायनिंग मुख्यतः चीनमध्ये होतं. गंमत म्हणजे काँगोतली तेंके फुंगुरुमेची मोठी खाण 2016 मध्ये अमेरिकन कंपनीनेच चिनी कंपनीला विकायला काढली, आता तीच अमेरिका काँगोचा माल अंगोलाच्या लोबितो बंदरात आणणाऱ्या रेल्वेला पैसे लावतेय. मी जहाजावर असताना टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदरात बघितलंय, आतून आलेल्या ट्रकवाल्यांचे चेहरे धुळीने लाल, बॉर्डरवर कितीतरी दिवस अडकलेलो म्हणायचे. तिथली झांबियाला जाणारी ताझारा रेल्वेपण चीननेच 1970 च्या दशकात बांधली, तेव्हा बॅटरी-बिटरी कोणाच्या डोक्यातही नव्हती!

कांदेवाला_तुर्भे:
आपल्याकडे भाव पाडायला कांद्याची निर्यात बंद करतात, काँगोने फेब्रुवारी 2025 मध्ये भाव चढवायला कोबाल्टची बंद केली 😄 नंतर ऑक्टोबरपासून कोटा. आमच्या मार्केटमध्ये असं कोणी केलं असतं तर शेतकऱ्यांनी पेढे वाटले असते.

रबाळे_बॅटरी:
सगळे कोबाल्ट कोबाल्ट करताय पण माझ्याकडे रिपेअरला येणारे कितीतरी स्कूटरचे पॅक एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असतात, त्यात कोबाल्ट नसतंच, लिथियम मात्र लागतंच. झिंबाब्वेने 2022 च्या शेवटी कच्चं लिथियम बाहेर न्यायला बंदी घातली, तर चिनी कंपन्यांनी तिथेच प्लांट टाकले. आपण नुसते करार करतो, इथे मला सेल मागवायचे म्हटलं तरी चीनशिवाय पान हलत नाही, खाण मिळून उपयोग काय, माल शुद्ध कोण करणार?

दर्यावर्दी_सीवूड्स:
@रबाळे अगदी. ‘काबिल’ नावाची सरकारी कंपनी 2019 ला काढली ती परदेशात अशी खनिजं मिळवायला, 2024 मध्ये अर्जेंटिनात लिथियमचे पाच ब्लॉक घेतले. पण तिथेही आधी शोधच.

घणसोली_वाला:
म्हणजे दोन्ही काका अर्धे अर्धे बरोबर. उद्या 8:12 ला भेटले तर सांगतो, ऐकतील असं वाटत नाही.