झोपण्याआधी ऐकायला ड्रम नसलेला जॅझ सुचवा ना

प्रश्न: मंडळी, ऑफिसातून आल्यावर पडल्या पडल्या ऐकायला जॅझ हवाय पण ड्रम नि ट्रम्पेटने माझं डोकं उठतं, नुसत्या तारांचं काही आहे का?

उत्तर: गिटारवाला जँगो राइनहार्ट नि व्हायोलिनवाला स्टेफान ग्रापेली ऐकाच! पॅरिसमधलं १९३४चं त्यांचं क्विंटेट म्हणजे पाच जणांचा ताफा, तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास बस्स, ठेका गिटारवालेच धरतात, तारा छेडून आवाज लगेच तोडतात त्यामुळे ड्रमची आठवणही येत नाही.

उत्तर: १९२८च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झालेली, सोलो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर, हे कळल्यावर मी सगळं परत पहिल्यापासून ऐकलं.

प्रश्नकर्ता: १९३७चं ‘मायनर स्विंग’ लावलंय आत्ता, व्हायोलिन सुरू झालं नि चहा तसाच हातात राहिला, थँक्यू हो!