प्रश्नावली छापण्याआधी वस्तीत या
आरोग्य संशोधनाची आखणी करतानाच वस्तीतल्या लोकांना सहभागी करून घ्यावे असे म्हटले की, ‘सामान्य रहिवाशांना संशोधनातले काय कळणार?’ असा आक्षेप घेतला जातो; तो मला मुळीच मान्य नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या नियमांनुसार औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान ७ सदस्य आणि त्यांत एक तरी सामान्य नागरिक असावाच लागतो. परंतु प्रस्ताव समितीपुढे येईतोवर संशोधनाचा आराखडा तयार झालेला असतो. आमच्या गोवंडीत क्षयरोगाची पाहणी करणाऱ्या मुलीला शेजारच्या काकूंनी भरदुपारी लावलेली ट्यूबलाइट दाखवली आणि ‘खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, ऊन-वारा येत नाही, हे कुठे लिहिणार?’ असे विचारले, तेव्हा तिच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. आधी विचारले असते, तर तो रकाना काकूंनीच सुचवला असता. म्हणून पहिली बैठक वस्तीतच, तीही नळाला पाणी येण्याची वेळ टाळून घ्यावी.