मदत हवी आहे: डार्क सोल्स नेमका कोणत्या भागापासून सुरू करू?

विजापूररोडकर:
जाणकारांनो, बजेट सध्या एकाच गेमचं आहे. डार्क सोल्स १, २, ३ की थेट त्याच स्टुडिओचा एल्डन रिंग? लॅपटॉपला जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम. विचर ३ झालाय, सोल्समधला एकही नाही. बॅटरी कामातून गेलीय, त्यामुळे लॅपटॉप थेट लाईटवर चालतो आणि सोलापुरात उन्हाळ्यात लाईटचं काय असतं ते सांगायला नको. सेव्ह उडेल का, तेही सांगा.

कडकभाकरी:
पहिला घे. म्हणजे २०१८ चा रिमास्टर्ड, सुधारून पुन्हा काढलेला. २०११ च्या गेमची जुनी पीसी आवृत्ती स्टीमवर आता विक्रीला नाही. कुणी तिचा अ‍ॅक्टिव्हेशन कोड स्वस्तात देतो म्हणाला तरी नको, तिचे ऑनलाइन सर्व्हर २०२२ मध्ये बंद पडले ते कायमचेच. एल्डन रिंग किमान १२ जीबी रॅम मागतो, तो विषय संपला.

पहिलाच का, तर गोष्टीसाठी नाही. गोष्ट तशीही वस्तूंच्या वर्णनात तुकड्यातुकड्यांनी लपवलेली असते. प्रश्न हाताच्या सवयीचा आहे. पहिल्या भागात शत्रूवर लॉक लावला, म्हणजे कॅमेरा त्याच्यावर रोखला, की रोल (वार चुकवायची कोलांटी) चारच दिशांना जातो, तिरका जात नाही. एका बोनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर थेट जायची सोयही अ‍ॅनोर लोंडो हा मधला टप्पा उरकून लॉर्डव्हेसल ही वस्तू हातात पडेपर्यंत नाही, तोवर सगळं पायी. तिसऱ्यात या दोन्ही सोयी सुरुवातीपासून आहेत. त्या अंगवळणी पडल्यावर मागे आलेला माणूस ब्लाइटटाउन या अवघड भागात हमखास गेम सोडतो.

गड्डायात्री:
थांब की बे, नवख्याला एकदम पहिल्यात कशाला ढकलतोस? तिसऱ्यात सुरुवातीला वाट जवळजवळ एकच, चुकायला जागा नाही. पहिल्यात फायरलिंक या सुरुवातीच्या तळावर उतरलं की तीन वाटा फुटतात आणि त्यातल्या दोन नवख्याला गाडणाऱ्या. अर्धे लोक स्मशानातल्या सांगाड्यांकडून मार खाऊन 'गेम लय अवघड' म्हणत अनइन्स्टॉल करतात.

कडकभाकरी:
वाट सांगितली की झालं ना. स्मशानात जायचं नाही. लिफ्टने खाली न्यू लोंडोलाही जायचं नाही, तिथल्या भुतांना साधं हत्यार लागतच नाही. डोंगराच्या कडेने पायऱ्या वर जातात, तिकडून अनडेड बर्ग. शत्रू दोन-तीन फटक्यांत मरत असेल तर वाट बरोबर आहे, एवढी खूण पुरे.

नवखे दुसरीकडे मरतात ते वजनामुळे. वजन पेलायची क्षमता म्हणजे ४० अधिक एन्ड्युरन्स (लेव्हल वाढवताना वाढवायचा दमाचा आकडा). एन्ड्युरन्स १० असेल तर क्षमता ५०. अंगावरचं सामान १२.५ च्या आत असेल तर चपळ रोल, २५ पर्यंत मध्यम, त्यापुढे पोतं पडल्यासारखा. जाड चिलखत दिसलं की घालायचा मोह होतो, तो आवरायचा.

सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन) लेव्हलवर उधळण्याआधी हत्याराकडे बघ. चर्चच्या खालच्या अंगाला आंद्रे लोहार बसतो. साधं हत्यार पाच पायऱ्या सुधारून +५ करायला टायटनाइट शार्ड नावाचे तुकडे ९ लागतात. काही वाटेत मिळतात, उरलेले तोच ८०० सोल्सला एक या भावाने विकतो. त्याने पडणारा फरक चार-पाच लेव्हलनी पडत नाही.

गड्डायात्री:
मग ड्रेक सोर्ड सांग की. पुलाखाली उभं राहून ड्रॅगनच्या शेपटीला बाण मारायचे, पन्नास-साठ बाण जवळ ठेवायचे. शेपटी तुटली की तलवार हातात.

कडकभाकरी:
मुद्दाम नाही सांगितलं. सुरुवातीला भारी वाटते, पण स्ट्रेंथ-डेक्स्टेरिटी वाढवून तिचा मार वाढत नाही आणि ती सुधारायला ड्रॅगन स्केल लागतात. अ‍ॅनोर लोंडोपर्यंत ती बोथट वाटायला लागते आणि तोवर दुसरं काही वाढवलेलं नसतं.

विजापूररोडकर:
पहिलाच घेतो मग. दुसरा भाग गाळला तर चालेल का? आणि सेव्हचं राहिलं.

होटगीचा_हॉलो:
गाळू नका, पण तिसऱ्याच्या आधी खेळा. 'स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन' हीच आवृत्ती घ्या. दुसऱ्याला लोक शिव्या देतात त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: रोल मारताना वार न लागण्याचा अवधी अ‍ॅजिलिटीवर ठरतो आणि अ‍ॅजिलिटी वाढते मुख्यतः अ‍ॅडॅप्टेबिलिटी या गुणाने. ती वाढवलीच नाही तर वेळेवर मारलेल्या रोललाही फटका बसतो. अ‍ॅजिलिटी १०० ते १०५ झाल्यावर तक्रार मिटते. शिवाय मेल्यावर कमाल हेल्थ घटत घटत निम्म्यावर येते. हाइड्स टॉवर या भागात रिंग ऑफ बाइंडिंग ही अंगठी मिळते, ती घातली की घट पाऊणवर थांबते.

सेव्हचं. गेम सतत आपोआप सेव्ह होतो, मागची सेव्ह निवडायची सोय नाही, पॉजही नाही. नेमकी लिहिताना लाईट गेली तर फाइल खराब होऊ शकते. रिमास्टर्डची फाइल डॉक्युमेंट्समधल्या 'एनबीजीआय' फोल्डरमध्ये असते, शेवटी एसएल२ असलेली. खेळून झालं की मेनूतून क्विट गेम करायचं, मग तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी. गेम चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट फाइल यायची. पुढे तिसरा घ्याल तेव्हा त्याची फाइल अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगमध्ये शोधा, हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं.

गेमपॅड घ्याच. साधा वायरचा चालतो, फक्त एक्सइनपुटवाला (एक्सबॉक्सच्या पॅडसारखा चालणारा) आहे ना ते दुकानात विचारा. नसला तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये स्टीम इनपुट चालू करून बटणं बसवून घ्या.